सुट्टीत मुलांचं म्युझिकल बसवताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सुट्टी लागते, पोरं मोकळी असतात, युथ थिएटरचा हॉल मिळतो आणि कोणीतरी म्हणतं की यंदा म्युझिकल करूया. कल्पना मस्तच आहे, फक्त नाटकात चार गाणी घातली की म्युझिकल झालं असं नसतं. एकाच पोराला एकाच वेळी सुरात गायचं असतं, आठच्या काउंटवर नाचायचं असतं, वाक्यं पाठ ठेवायची असतात आणि शेजारच्याच्या पायावर पाय पडू द्यायचा नसतो, आणि हे सगळं पाच-सहा आठवड्यांत. १३ ते १८ वयाच्या मुलांसोबत पहिल्यांदाच हे करणाऱ्यांसाठी लिहितोय, मग तुम्ही दिग्दर्शक असा, गाणी शिकवणारे असा किंवा हौसेने पुढे आलेले पालक.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण खालचं सगळं त्यावरच आहे. म्युझिकल कोरसवर उभं राहतं. लीड म्हणजे मुख्य भूमिका करणारं पोर कितीही गोड गाऊ दे, मागच्या रांगेतली वीस पोरं नुसते ओठ हलवत उभी असतील तर प्रयोग पडतो. आणि लीड बेताचा असला पण कोरस जीव तोडून गात-नाचत असला तर प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकून बसतात. त्यामुळे कुठलाही निर्णय घेताना एवढंच विचारा, यात मागच्या रांगेतल्या पोराला काय काम आहे?

१. आधी परवानगी, मग पोस्टर

तयार म्युझिकल करणार असाल तर प्रयोगाचं लायसन्स लागतं. स्क्रिप्टचं पुस्तक विकत आणलं म्हणजे प्रयोग करायचा हक्क मिळाला असं होत नाही, आणि नेटवरून कराओके ट्रॅक उतरवून घेतला म्हणजे तर मुळीच नाही. प्रवेश फुकट ठेवला की काही लागत नाही असंही सरसकट धरून चालू नका, कायदा देशागणिक वेगळा असतो आणि लायसन्स देणाऱ्या कंपन्या फुकट प्रयोगालाही लायसन्स मागतात. म्युझिक थिएटर इंटरनॅशनल (एमटीआय) आणि कॉन्कॉर्ड थिएट्रिकल्स ही यातली मोठी नावं. मुलांसाठी छोट्या केलेल्या आवृत्त्याही मिळतात, एमटीआयच्या ज्युनियर आवृत्त्या साधारण ६० मिनिटांच्या असतात आणि त्यातल्या गाण्यांच्या पट्ट्या कोवळ्या आवाजांना झेपतील अशा केलेल्या असतात. पहिलंच वर्ष असेल तर अशीच आवृत्ती घ्या. अडीच तासांचं पूर्ण म्युझिकल सहा आठवड्यांत बसवायला गेलात तर शेवटचे दोन आठवडे पोरांवर ओरडण्यात जातील.

लायसन्सचं पत्र हातात येईपर्यंत नाव जाहीर करू नका, पोस्टर छापू नका. आणि करार नीट वाचा, कारण वाक्यं बदलणं, गाणं कापणं, मुलाचं पात्र मुलीचं करणं या सगळ्याला बहुतेक वेळा लेखी परवानगी लागते. प्रयोगाचा व्हिडिओ काढणं हा तर वेगळाच हक्क असतो, तो मिळाला नसेल तर पालकांना आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर प्रयोगाच्या दिवशी पन्नास मोबाइल वर आलेले असतात.

दुसरा मार्ग म्हणजे लोकांच्या आवडीची गाणी घेऊन त्याभोवती गोष्ट गुंफायची. ऐकायला सोपं वाटतं पण हाच मार्ग जास्त किचकट आहे. हॉलकडे गाणी वाजवण्याचं नेहमीचं लायसन्स असलं तरी गाणं कथेचा भाग म्हणून रंगमंचावर सादर करणं त्यात सहसा येत नाही, त्याला ग्रँड राइट्स म्हणतात आणि ते थेट हक्कधारकाकडून घ्यावे लागतात. त्यापेक्षा मुलांनीच गोष्ट लिहिली, तुमच्यातल्या कोणी पाच-सहा गाण्यांना चाली लावल्या तर ते काम पूर्णपणे तुमचं असतं आणि पोरांना त्याचा जो अभिमान वाटतो तो वेगळाच. फक्त मग लिखाण सुट्टी लागायच्या आधी संपलेलं पाहिजे, तालमी सुरू झाल्यावर शेवट लिहायला बसू नका.

निवडताना एक तक्ता बनवा. आडवे प्रसंग आणि गाणी, उभी पात्रं, आणि कोण कशात आहे तिथे खूण. तक्ता पाहिला की लगेच कळतं की तीनच मुलं सारखी रंगमंचावर आहेत आणि बाकीची पंचवीस विंगेत बसून आहेत. असं दिसलं तर ते म्युझिकल कितीही आवडीचं असलं तरी दुसरं शोधा.

२. माणसं

दिग्दर्शक, संगीत शिकवणारा आणि नाच बसवणारा, ही तीन वेगळी माणसं हवीत. अगदीच नाही जमलं तर दिग्दर्शन आणि नाच एकाने करावं, पण संगीत वेगळंच ठेवा आणि तो माणूस पियानो किंवा कीबोर्ड वाजवत शिकवू शकणारा हवा. यात काटकसर नको.

चौथा माणूस म्हणजे स्टेज मॅनेजर, आणि तो मुलांमधलाच असावा असं माझं ठाम मत आहे. सोळा-सतरा वर्षांची, वेळेवर येणारी, वहीत नोंदी ठेवणारी मुलगी किंवा मुलगा शोधा. प्रॉम्प्ट बुक म्हणजे सगळ्या हालचाली, लाइटचे क्यू, साउंडचे क्यू (कधी काय करायचं त्याचे इशारे) लिहिलेली मुख्य प्रत त्याच्याच हातात द्या आणि प्रयोगात क्यू त्यालाच देऊ द्या. मागे अनुभवी मोठं माणूस बसू दे, पण हेडसेट पोराच्या कानावर. लाइट बोर्ड, साउंड, पडदा, प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू), सगळीकडे हाच नियम. ज्यांना रंगमंचावर यायचं नसतं पण नाटकात असायचंच असतं अशी मुलं प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांना हे काम उरलंसुरलं म्हणून देऊ नका, पहिल्या दिवसापासून त्यांचं नाव यादीत लिहा.

३. ऑडिशन

गाण्याचे सोळा बार म्हणजे अर्धा-पाऊण मिनिट पुरतं, पूर्ण गाणं ऐकायची गरज नसते. मग पाच-सहा जणांचा गट करून एक छोटा नाचाचा तुकडा शिकवा आणि करून घ्या. इथे कोणाला आधीपासून नाच येतो हे बघायचं नसतं, चुकल्यावर पोर थांबतं की पुढे चालू ठेवतं हे बघायचं असतं. शेवटी संवादाचं पान हातात देऊन वाचून घ्या, एकदा तसंच, आणि एकदा काहीतरी सूचना देऊन, म्हणजे सांगितलेलं उचलतंय का ते कळतं.

फॉर्मवर सुट्टीतल्या गैरहजेरीच्या तारखा आधीच लिहून घ्या, पालकांच्या सहीसकट. गावाला जायचंय, क्लास आहे, लग्न आहे, जे असेल ते. हे नंतर कळलं तर सगळं वेळापत्रक कोसळतं.

भूमिकांची यादी लावताना कोरसमधल्या प्रत्येकाला पात्र द्या. "कोरस" असं लिहून खाली वीस नावं टाकू नका. बाजारातला प्रसंग असेल तर कोण दुकानदार, कोण घाईतला टपालवाला, कोण हरवलेलं कुत्रं शोधणारी बाई, हे त्यांना स्वतःला ठरवू द्या. मोठ्या भूमिकांना अंडरस्टडी म्हणजे ऐनवेळी ती भूमिका करू शकणारा बदली नट ठेवा आणि त्यालाही निदान एक पूर्ण तालीम मुख्य जागेवर करू द्या, नाहीतर नाव फक्त कागदावर राहतं.

४. आवाजाचं प्रकरण, इथे घाई नको

या वयाच्या मुलांसोबत गाणं बसवताना सगळ्यात जास्त काळजी इथे लागते. मुलांचा आवाज साधारण १२ ते १५ च्या दरम्यान फुटतो, काहींचा आधी, काहींचा नंतर. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज खाली उतरतो, पण हे एका रात्रीत होत नाही, काही महिने असे जातात की वरचे सूर गेलेले असतात आणि खालचे अजून बसलेले नसतात, मधेच पाच-सहा सूर काय ते हातात. ऑडिशनला ज्या सुरात तो मुलगा मोकळा गायला तो सूर प्रयोगापर्यंत राहीलच असं नाही. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, तेवढा ठळक नाही, पण आवाजात हवा मिसळते, ताकद कमी वाटते, आणि मग त्यांना "जोरात गा, ऐकू येत नाही" असं सांगितलं जातं जे अगदी चुकीचं आहे.

करायचं काय? सुरुवातीला प्रत्येकाचा आरामात जाणारा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर लिहून ठेवा, आणि तीन आठवड्यांनी परत तपासा. बदल झाला असेल तर गाण्याची पट्टी खाली घ्या, ती ओळ एक सप्तक खाली गाऊ द्या किंवा ती ओळ शेजारच्या पात्राला द्या, आणि लायसन्सवाल्यांना विचारायची गरज असेल तर आधी विचारून घ्या. आवाज चिरकला की ग्रुपमध्ये हसायला बंदी, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. आवाज फुटताना जो मुलगा घाबरून गाणं सोडतो तो बऱ्याचदा परत गातच नाही, म्हणून मला हे गाण्यापेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

रोज आधी दहा मिनिटं वॉर्म-अप. ओठ फुरफुरवत सूर वर-खाली नेणं, तोंड मिटून हुंकार, आवाज सायरनसारखा खालून वर आणि वरून खाली फिरवणं, मग जीभ मोकळी करणारी अवघड शब्दांची वाक्यं. पाण्याची बाटली प्रत्येकाकडे. घसा बसला असेल तर कुजबुजून बोलू नका, त्यानेही ताण येतो, सरळ गप्प बसा. आणि गाताना दुखत असेल तर गाणं थांबवायचं, दोन-चार दिवसांत बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडे.

५. वेळापत्रक उलटं मांडा

प्रयोगाची तारीख लिहा आणि तिथून मागे या. समजा सहा आठवडे आहेत, आठवड्यातले पाच दिवस, रोज तीन तास, म्हणजे ९० तास. यातला शेवटचा आठवडा लाइट-साउंडचा, त्याच्या आधीचा सलग तालमींचा. म्हणजे बसवायला उरले चार आठवडे, ६० तास. नाचाच्या एका मिनिटाला तालमीचा एक तास धरून चाला, म्हणजे चार मिनिटांच्या मोठ्या गाण्याला नुसत्या नाचासाठीच चार तास. हा हिशोब पहिल्या दिवशी केलात की किती गाण्यांत मोठा नाच ठेवायचा ते आपोआप ठरतं.

पहिला आठवडा फक्त गाणी. नाच नाही, हालचाल नाही, फक्त गाणी, तीही कोरसची आधी. पोरं कुरकुरतील, त्यांना उठून नाचायचं असतं, पण सूर आणि शब्द पक्के नसताना पाय हलवायला लावले की गाणं कायमचं कच्चं राहतं आणि नंतर दुरुस्त करायला दुप्पट वेळ जातो. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात मोठे नाच आणि प्रसंग, चौथ्यात उरलेलं सगळं आणि चौथ्याच्या शेवटी पाठांतर पूर्ण, त्यानंतर हातात स्क्रिप्ट नाही. पाचव्याच्या पहिल्याच दिवशी अडखळत का होईना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा करा. ती तालीम भयंकर जाते, नेहमीच, पण कुठे भोकं आहेत ते सगळ्यांना एकदम दिसतं.

शक्यतो दोन खोल्या घ्या. एकीत दिग्दर्शक दोघांचा प्रसंग बसवतोय तेव्हा दुसरीत कोरस गाणं घासतोय. तीन तास बोलावून वीस मिनिटांचं काम दिलेली मुलं मोबाइल काढून बसणारच, तो त्यांचा दोष नाही, वेळापत्रकाचा आहे. ज्यांचं काम नाही त्यांना त्या दिवशी उशिरा बोलवा किंवा प्रॉपर्टी रंगवायला बसवा.

६. नाच आणि हालचाली

काउंट आठचे. आधी काउंटवर शिकवा, मग काउंट सोडून शब्दांवर, कारण रंगमंचावर कोणी पाच-सहा-सात-आठ म्हणणार नसतं. उड्या, गिरक्या, जोरकस स्टेप्स हे सगळं दोन ओळींच्या मधल्या संगीतात ठेवा, लांब सूर असेल तिथे अंग स्थिर. एकाच वेळी पळायचं आणि लांब सूर धरायचा हे मोठ्यांनाही जड जातं. श्वास कुठे घ्यायचा ते संगीतवाल्याने आणि नाचवाल्याने एकत्र बसून ठरवावं, दोघांनी वेगवेगळं ठरवलं की पोरं मधल्या मधे गुदमरतात. प्रत्येक गाण्याला मुलांतलाच एक डान्स कॅप्टन नेमा, काल न आलेल्याला आज तो शिकवेल. आणि मधे मधे मागची रांग पुढे, पुढची मागे करून गाणं करून घ्या, मग समोरच्याचं बघून नाचणारे लगेच सापडतात.

रंगमंचाचं डावं-उजवं नटाच्या बाजूने असतं, प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यावर नटाचा उजवा हात तो स्टेज राइट. डाउनस्टेज म्हणजे प्रेक्षकांच्या जवळ, अपस्टेज म्हणजे लांब, पूर्वी रंगमंच मागून पुढे उतरता असायचा त्यावरून हे शब्द आले. नोंदी पेन्सिलने, कारण त्या बदलणारच. तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर रंगीत टेपने खऱ्या रंगमंचाची मापं आखून घ्या, लांबी, रुंदी, विंगेची जागा, पायऱ्या. हे केलं नाही तर हॉलमध्ये ऐसपैस बसवलेला तीस जणांचा नाच खऱ्या रंगमंचावर मावतच नाही.

आणि एक, बोलता बोलता पात्र गायला का लागतं ते मुलांशी बोला. आता नुसतं बोलून भागत नाही इतकं मन भरून आलंय, म्हणून गाणं. हे पोराला कळलं की गाण्याच्या आधीचं संगीत वाजताना ते नुसतं उभं राहत नाही.

७. नेपथ्य, कपडे, प्रॉपर्टी

थोडक्यात ठेवा. लॉक होणारी चाकं लावलेले दोन-तीन प्लॅटफॉर्म, काही ठोकळे, एक-दोन मागचे फ्लॅट (रंगवलेल्या उभ्या चौकटी), एवढ्यावर पूर्ण म्युझिकल होतं आणि ते ढकलायचं काम कोरसला देता येतं, गाणं चालू असतानाच. सगळ्यांना एकसारखा साधा काळा पोशाख आणि त्यावर टोपी, जाकीट, ओढणी बदलत राहायची, म्हणजे पटकन कपडे बदलायचे प्रश्न निम्मे सुटतात. बूट मात्र दुसऱ्या आठवड्यापासूनच घालायला लावा, नव्या बुटात पहिल्यांदा प्रयोगाच्या दिवशी नाचायचं म्हणजे पाय मुरगळलाच समजा. विंगेत एक टेबल, त्यावर कागद पसरून प्रत्येक वस्तूभोवती रेघ मारून नाव लिहा, जागा रिकामी दिसली की वस्तू कुठेतरी राहिली हे लगेच समजतं. हातातली वस्तू ज्याची त्याने स्वतः टेबलावर तपासायची, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही.

८. साउंड

पैसे कमी असतील तर सेटवर वाचवा, साउंडवर नाही. शब्द ऐकू आले नाहीत तर गोष्टच कळत नाही.

तीसच्या तीस मुलांना कॉलर माइक लावायची गरज नसते, आठ-दहा वायरलेस माइक आणि कोरससाठी रंगमंचाच्या पुढच्या काठावर दोन-तीन चांगले माइक यात काम होतं. माइक कपड्यावर न लावता कपाळावर केसांच्या रेषेत किंवा गालावर तोंडाच्या कोपऱ्याजवळ चिकटवा, त्वचेला चालणाऱ्या टेपने. कपड्यावर लावला की मिठी मारली की खरखर. नाचात घाम येतो, घामाने माइक बंद पडतात, त्यामुळे एक जास्तीचा माइक विंगेत तयार ठेवा. बॅटरी प्रत्येक प्रयोगाआधी नवीन किंवा पूर्ण चार्ज केलेली, अर्धी उरली आहे म्हणून चालवू नका. माइक अदलाबदल करायचे असतील तर कोणाचा कोणाला, कुठल्या प्रसंगानंतर, याचा तक्ता विंगेत चिकटवा. माइकवर फुंकर मारायची नाही, टिचकी मारायची नाही. आणि विंगेत गेल्यावरही माइक चालू असू शकतो हे पोरांना दहा वेळा सांगा.

संगीत ट्रॅकवर असेल तर तो कोणासाठी थांबत नाही. लाइव्ह पियानोवाला वाक्य संपेपर्यंत तेच दोन-चार बार फिरवत राहतो, ट्रॅकमध्ये ती जागा ठरलेल्या सेकंदांची असते, म्हणून ट्रॅकवर बोलले जाणारे संवाद पहिल्यापासून ट्रॅक लावूनच बसवा. ट्रॅक चालवायला क्यूलॅबसारखं सॉफ्टवेअर बरं पडतं, ते मॅकवरच चालतं, नाहीतर साधी क्रमाने लावलेली यादीही चालते. ज्या कॉम्प्युटरवर ट्रॅक आहेत त्याचे नोटिफिकेशन आणि वायफाय बंद, आणि सगळे ट्रॅक दुसऱ्या मशीनवर तयार. रंगमंचावर मुलांकडे तोंड केलेले मॉनिटर स्पीकर हवेतच, त्यांना संगीत नीट ऐकू आलं नाही तर ती मागे पडणारच. गाणारा ट्रॅकच्या मागे-पुढे गेला तर काय करायचं हेही तालमीत करून बघा, कोरसने पुढच्या ध्रुवपदाला जोरात शिरायचं आणि त्याला सोबत घ्यायचं, हे ठरलेलं असलं की पोरं घाबरत नाहीत.

९. शेवटचा आठवडा

पहिल्या दिवशी मुलांशिवाय, दिग्दर्शक, स्टेज मॅनेजर, लाइट आणि साउंडवाले टेबलावर बसून सगळे क्यू प्रॉम्प्ट बुकात लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी क्यू टू क्यू, म्हणजे पूर्ण नाटक न करता एका क्यूवरून दुसऱ्यावर उड्या मारत. हे कंटाळवाणं असतं, पोरांना आधी सांगा की आज तुमचं काम थांबणं आहे. स्टेज मॅनेजर आधी "स्टँडबाय" म्हणतो, मग "गो". हेडसेटवर गो हा शब्द दुसऱ्या कशासाठीही कोणी वापरायचा नाही, कारण तो ऐकताच लाइटवाल्याचं बोट बटण दाबतं. मग कपड्यांसकट तालीम, आणि निदान दोन रंगीत तालमी न थांबता, काहीही झालं तरी न थांबता. बँड असेल तर त्याआधी एक दिवस सगळ्यांनी नुसतं बसून बँडसोबत गाऊन घ्या.

या आठवड्यात मोठे बदल करू नका. दिग्दर्शकाला शेवटच्या रात्री भारी कल्पना सुचते, ती वहीत लिहून ठेवावी आणि तिथेच राहू द्यावी. रोज संपल्यावर सूचना पंधरा मिनिटांत, उरलेल्या लिहून पाठवा, थकलेल्या पोरांना रात्री तासभर बसवून काही डोक्यात शिरत नाही.

१०. सुरक्षितता

इथे तडजोड नाही. मुलांसोबत एकटा मोठा माणूस कधीच नको, कायम दोन. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या आणि तिथे मोबाइल आत न्यायचा नाही. विंगेतल्या पायऱ्यांच्या आणि प्लॅटफॉर्मच्या कडांना अंधारात चमकणारी टेप. शिडीवर चढणं, इलेक्ट्रिकचं काम, करवत-ड्रिल हे मोठ्यांनी करायचं. बाहेर पडायचे दरवाजे सेटने किंवा सामानाने अडवायचे नाहीत, आणि तिथून बाहेर कसं पडायचं हे सगळ्यांनी एकदा चालून बघायचं. कोणाला ॲलर्जी, दमा, काही औषध चालू आहे याची यादी स्टेज मॅनेजरच्या मागे बसलेल्या मोठ्या माणसाकडे, पालकांच्या नंबरांसकट.

प्रयोगाच्या दिवशी मुलांना दीड तास आधी बोलवा. हजेरी, माइक लावणं, एकेकाचा आवाज तपासणं, वॉर्म-अप, आणि नाटकात कोणी कोणाला उचलत असेल किंवा मारामारी असेल तर तेवढा भाग रंगमंचावर एकदा हळू गतीत. स्टेज मॅनेजर "पाच मिनिटं" म्हणाला की सगळ्यांनी "थँक यू, पाच" असं उत्तर द्यायचं, म्हणजे ऐकलंय हे त्याला कळतं.

शेवटचा प्रयोग संपला की लगेच घरी नाही, सेट उतरवायला सगळे थांबतात, लीडसुद्धा. कोणाकडे काय काम ते आधीच भिंतीवर लावा, म्हणजे कोपऱ्यात फोटो काढत उभं राहायला कोणी उरत नाही. माइकच्या बॅटऱ्या काढा, कपडे मोजून घ्या, भाड्याने आलेली पुस्तकं असतील तर पेन्सिलच्या खुणा खोडून ठरलेल्या तारखेला परत पाठवा, उशीर झाला तर दंड लागू शकतो. प्रॉम्प्ट बुक मात्र थिएटरमध्ये ठेवा, पुढच्या वर्षी जो स्टेज मॅनेजर होईल त्याला ते पहिल्याच दिवशी वाचायला द्यायचं आहे.